गमरेबाईंच्या टिकल्या

व्याख्यानाला जाताना मी सोबत पडदा नेतो. प्रोजेक्टरचा नव्हे, खराखुरा, लाल मखमलीचा, दोरीने ओढायचा. माझ्या तरुणपणीच्या सगळ्या संध्याकाळी कामगार नाट्यस्पर्धांची नेपथ्यं रंगवण्यात गेल्या. तेव्हापासून कुठलीही गोष्ट आधी झाकून ठेवल्याशिवाय मला ती दाखवताच येत नाही. गेल्या जुलैत परळच्या एका कॉलेजात ‘आरोग्याचे आद्य चित्रकार’ या विषयावर बोलायला गेलो, तेव्हाही पडदा पिशवीत होताच.

पडदा सरकला की माझ्याकडे पहिला येतो तो लंडनचा डॉक्टर. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती आणि शहाणी मंडळी घाणेरड्या हवेला दोष देत होती. या गृहस्थाने त्या वस्तीचा नकाशा घेतला आणि ज्या घरात माणूस गेलं त्या घरापाशी एक काळी रेघ मारली. दोन गेली तर दोन रेघा, एकावर एक. रेघांचा ढीग झाला तो एका पाण्याच्या पंपाभोवती. त्याच्यामागून येते युद्धातल्या इस्पितळात राबलेली परिचारिका. तिने पोळीचे तुकडे करावेत तसे वर्षाचे बारा तुकडे केले. जखमांनी मेलेले सैनिक लाल, रोगराईने मेलेले निळे. निळा इतका मोठा निघाला की लढाई शत्रूशी चालली होती की संडासांशी, हे बघणाऱ्याला कळेना. मंत्री आकडे वाचत नाहीत, चित्रं बघतात, हे त्या बाईला तेव्हाच कळलं होतं.

टाळ्या पडल्या. मी मान लववली. एवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली.

“सर, हे दोघं तिकडचे. आपल्याकडे सुरुवातीला असं काम कोणी केलं?”

मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “शोध चालू आहे.”

लोक हसले. मुलगी खाली बसली. मी पडदा गुंडाळला.

ते खोटं होतं. मला उत्तर ठाऊक होतं. ते उत्तर कार्यक्रमाच्या जागेपासून चालत दहा मिनिटांवर, भोईवाड्यात राहतं.

मी एका आरोग्य कार्यालयात नोकरीला होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण अजून तिथे ओळखीची माणसं डबे खातात. माझं पद होतं ‘चित्रकार’. आरोग्य खात्यात चित्रकार कशाला, असं लोक विचारत. सुरुवातीला मी डास काढायचो. फलकावरचे डास, माझ्या उंचीचे. एकदा एक अधिकारी म्हणाले, “आर्टिस्ट, तुमचा डास इतका देखणा आहे की मारायला हात धजणार नाही.” पुढे संगणक आला, डास छापील मिळू लागले आणि माझ्या वाट्याला नकाशे आले.

काम समजायला सोपं आहे. इस्पितळांकडून रुग्णांची यादी येते: नाव, वय, आजार, पत्ता. पत्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपके कुठे दाटतात ते पाहायचं. तिथे काहीतरी बिघडलंय असं समजून माणसं पाठवायची. एवढंच. बाकी सगळी मजा रंगात आहे. किती रुग्ण झाले की पिवळा, किती झाले की लाल, हे ठरवणारा मी. रेषा थोडी वर सरकवली की अर्धी वस्ती निरोगी होते. एकाच आठवड्यात माझ्याकडे शेजारशेजारच्या दोन प्रभागांचे पुढारी येऊन गेले. पहिला म्हणाला, “आमचं लाल जरा कमी करा, निवडणूक आहे.” दुसरा म्हणाला, “आमचं लाल जरा वाढवा, गटारासाठी निधी आणायचाय.” मी दोघांनाही चहा पाजला आणि नकाशा होता तसाच ठेवला. त्याचा मला फार अभिमान होता. मी खोटा रंग कधी भरला नाही, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. दुर्दैव असं की खरा रंग भरूनही माणूस मारता येतो.

आता गमरेबाई.

सुमन गमरे आमच्याकडे आरोग्यसेविका होत्या. घरोघर फिरायचं, ताप विचारायचा, रक्ताचे नमुने घ्यायचे, गोळ्या द्यायच्या. बुटक्या, सावळ्या, चालताना जरा पुढे झुकणाऱ्या. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत साडीच्या खोक्याचे पुठ्ठे असत. प्रत्येक पुठ्ठ्यावर एक चाळ. पण चाळ वरून काढलेली नाही, तर उभी, समोरून दिसते तशी. चार मजले, मजल्यावर खोल्यांचे चौकोन, टोकाला नळ आणि संडास. आणि त्या चौकोनांवर टिकल्या. कपाळाला लावायच्या त्याच, पाकिटातल्या. मोठं माणूस आजारी तर मोठी टिकली, पोर आजारी तर बारीक. तापाला मरून रंगाची, काविळीला हिरवी. काळी कशासाठी ते सांगायला नको.

“टिकल्या का?” मी पहिल्यांदा विचारलं होतं.

“टाचण्या लावायचे आधी. पोरं हात घालतात, टोचतात. टिकली काढता येते, परत लावता येते. घरी आरशावर नाय का ठेवत आपण, तशी.”

पुठ्ठा घेऊन बाई नळावर जात आणि तो उघडून बायकांसमोर धरत. बायका बघत आणि भांडायला लागत. “ओ बाई, ही टिकली आमच्या खोलीला कशाला? आजारी ती पलीकडची.” पलीकडची म्हणे, “माझ्या पोरग्यानं शाळेतून आणला आजार.” शाळेचं नाव निघे, पाण्याच्या टाकीचं निघे. गमरेबाई टिकली काढून दुसरीकडे लावत.

“भांडण झालं की खरं बाहेर येतं,” त्या म्हणायच्या. “तुमच्या नकाशाशी कोण भांडणार, सर? तो काचेच्या मागे.”

या कामातली खरी ग्यानबाची मेख इथेच आहे आणि ती मला फार उशिरा कळली. वरून काढलेल्या नकाशात चार मजली चाळ एकाच ठिपक्याएवढी होते. आणि पत्त्यावर दिलेला ठिपका माणूस कुठे झोपतो ते सांगतो, आजारी कुठे पडला ते सांगत नाही.

एका वर्षी कावीळ वाढली. माझ्या संगणकावर शिवडीच्या बाजूची एक चाळ एकाएकी पेटली. तेव्हा मी एक नवी युक्ती काढली होती. एकाच पत्त्यावर दुसरा रुग्ण आला की ठिपका जागच्या जागी फुगायचा. तो ठिपका फुगत फुगत एवढा झाला की शेजारची शाळा त्याच्याखाली गेली. नीट पाहिलं तर सगळे पत्ते एकाच खोलीचे. तळमजला, खोली सात. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी स्वतःला लंडनचा डॉक्टर समजू लागलो. मला माझा पंप सापडला होता.

सादरीकरणाच्या दोन दिवस आधी गमरेबाई माझ्या टेबलापाशी आल्या. पुठ्ठा उघडला. त्यांच्या चाळीत हिरवी टिकली एकही नव्हती. सगळ्या हिरव्या टिकल्या चाळीच्या बाहेर, पुठ्ठ्याच्या कडेला, एका ओळीत.

“सर, तुमचा ठिपका चुकलाय.”

“पत्ता तपासलाय मी, बाई. खोली सात.”

“पत्ता बरोबर आहे हो. आजार तिथला नाय. ती मंडळाची खोली आहे.”

गिरणगावात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. कोकणातल्या एकेका गावाच्या मंडळाने मुंबईत अशी एकेक खोली धरून ठेवलेली असे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावचे वीस-पंचवीस गडी तिथे पाळीपाळीने झोपत. भिंतीला ट्रंका, वर गावदेवाची तसबीर, दाराशी नियमांची पाटी. गिरण्या गेल्या, खोल्या राहिल्या. मग गावातून परळच्या इस्पितळांत येणारी आजारी माणसं तिथे उतरू लागली. त्यांना दाराजवळची जागा द्यायची असा रिवाज. आणि इस्पितळाच्या खिडकीवर ‘मुंबईतला पत्ता?’ म्हणून विचारलं की सगळे एकच पत्ता सांगणार.

“मी एकेकाला विचारलं,” गमरेबाई म्हणाल्या. “महिना-दीड महिन्यामागे पाणी कुठलं पीत होतास? सगळे म्हणतात, गावच्या टाकीचं. चाळीत एकालाही कावीळ नाय. खोलीतल्या जुन्या माणसांनाही नाय. सर, गाव आजारी आहे. तिकडच्या लोकांना कळवायला पाहिजे.”

आजूबाजूला ऑफिस भरलेलं होतं. सगळे आमच्याकडे बघत होते. समोर बघणारी माणसं असली की मला राहवत नाही. मी पुठ्ठा उचलून उंच धरला आणि नाटकातल्या आवाजात म्हणालो, “मंडळी, संगणक बंद करा. गमरेबाईंनी हळदीकुंकवाचा नकाशा आणलाय.”

हशा पिकला. चांगलाच पिकला.

गमरेबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “हळदीकुंकवाला मला कोण बोलावतंय, सर,” त्या म्हणाल्या. “ठिपका तेवढा बघा.”

हशा थांबला. मला ते सहन झालं नाही, म्हणून मी ऑफिसातलं सगळ्यात हलकट वाक्य वापरलं. “असं करा, लेखी द्या.”

त्यांनी लेखी दिलं. त्याच दुपारी, दोन पानं, गावाच्या नावासकट. मी ते ट्रेमध्ये ठेवलं. ट्रे भरलेला होता.

सादरीकरणाला मी पडदा लावला. मोठे साहेब, बाहेरून आलेले डॉक्टर, वर्तमानपत्रांचे फोटोवाले. दोरी ओढली आणि तो लालबुंद ठिपका उघडा झाला. सभागृहातून ‘अरे बापरे’ असा आवाज आला. माझ्या कुठल्याच नेपथ्याला असा आवाज मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नकाशा पेपरात आला. तिसऱ्या दिवशी पथक गेलं. एका खोलीत एवढी माणसं आणि एवढ्या ट्रंका बघून पथकाला हवं ते दिसलं. खोली सफाईसाठी आठवडाभर बंद ठेवा, असा आदेश झाला. आदेश आठवड्याचा होता, पण चाळ कमिटीने त्यावर स्वतःचं कुलूप घातलं. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता आणि मंडळाची खोली कधीच वारलेल्या कोणाच्या तरी नावावर होती. कमिटीला कारण हवं होतं. ते मी रंगीत छापून दिलं होतं.

मग घाडीकाका आले. दत्ताराम घाडी, मंडळाचे सेक्रेटरी, गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, आयुष्य काढलेला उंच, कानाने मंद झालेला माणूस. हातात पेपरातलं कात्रण, चार घड्या घातलेलं. त्यांनी ते माझ्या टेबलावर उलगडलं आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.

“ह्यो तुम्ही काढलात?”

“हो.”

“बरो काढलात. लांबसून दिसता.” मग खुर्चीवर बसले. “माझ्या सुनेक कावीळ झाली हा. गावाक आसा. सातवो म्हयनो चालू आसा तिका. थंयचे डॉक्टर म्हणतत, मुंबैक न्हेवा. झील माझो, तिचो घोव, थंयच, तिच्यावांगडा. मी हय ह्याच्या-त्याच्याकडे पाठ टेकतंय. तिका हाडून ठेवू खय? खोलयेक टाळां.”

“सरळ इस्पितळातच आणा ना, काका.”

“पयल्या दिवशी खाट गावता काय? तुमका म्हायत नाय?”

मला माहीत होतं. पहिले दोन-चार दिवस तपासण्या, रांगा, ‘उद्या या’. तेवढ्यासाठीच तर ती खोली होती.

“एक सांगा,” ते म्हणाले, “ह्यो ठिपको पुसूक किती टायम लागता?”

खरं उत्तर होतं, दोन मिनिटं. यादीत पत्ता बदलायचा, मूळ गाव लिहायचं, बटण दाबायचं. गमरेबाईंची दोन पानं माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती. मी घाडीकाकांना बसवून मोठ्या साहेबांकडे गेलो. पानं दाखवली. साहेबांनी ती वाचली. वाईट माणूस नव्हते ते, नीट वाचली.

“बाई बरोबर असेल,” ते म्हणाले. “पण आर्टिस्ट, अहवाल वर गेलाय. पेपरात आलाय. आता आपणच म्हणायचं की चुकलो? पुढच्या महिन्याच्या नकाशात बघू.”

मी म्हणू शकलो असतो, नकाशा माझा आहे, मी मागे घेतो. मी म्हणालो, “बरं, सर.” कारण त्याच नकाशावर राज्यपातळीच्या प्रदर्शनात माझं नाव लागणार होतं आणि ते मला आदल्या दिवशी कळलं होतं.

बाहेर येऊन घाडीकाकांना म्हणालो, “पुढच्या महिन्यात होईल.”

त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटून मी परत मोठ्याने सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. कात्रणाच्या चार घड्या घालून ते गेले.

त्यांची सून मुंबईला यायच्या आधीच गेली. जिल्ह्याच्या गावी नेताना, जीपमध्ये. पोटातलंही गेलं. कावीळ गरोदर बाईला सगळ्यात लवकर नेते, हे मी स्वतःच एका फलकावर सुंदर अक्षरात रंगवलेलं होतं. बातमी गमरेबाईंनी आणली. टेबलापाशी उभ्या राहून सांगितली आणि गेल्या. आवाज चढवला नाही. मी वाट बघत होतो चढवतील म्हणून. त्यांनी तेवढीही सोय केली नाही.

पुढच्या महिन्याचा नकाशा काढला. खोली सातवर ठिपका नव्हता. आम्ही दुरुस्ती केली म्हणून नाही. तो पत्ता सांगायला कोणी उरलंच नव्हतं. साहेब म्हणाले, “बघा, उपाययोजना यशस्वी.” दोन नकाशे शेजारी शेजारी, आधी आणि नंतर, लाल आणि पांढरा, अशी चौकट झाली. प्रदर्शनात बक्षीस मिळालं. तिची एक प्रत मला भेट मिळाली. गावाला कोणी कळवलं की नाही, मी विचारलं नाही.

लंडनच्या त्या डॉक्टरची एक गोष्ट मी व्याख्यानात सांगत नाही. त्याच्या सांगण्यावरून पंपाचं हँडल काढलं तोवर साथ ओसरतच आली होती. नकाशाची खरी कमाल तिथे नव्हती. पंपापासून कितीतरी मैल लांब राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली होती. तिच्या आसपास दुसरं कोणीच आजारी नव्हतं. डॉक्टर तिच्या घरी गेला, विचारपूस केली. बाई आधी त्या पंपाच्या गल्लीत राहायची. तिथल्या पाण्याची चव आवडायची म्हणून रोज गाडीवरून बाटली मागवायची. नकाशाबाहेरच्या त्या एका मरणाने त्याचं म्हणणं सिद्ध केलं. पत्त्यावर न थांबता तो पाण्यामागे गेला. गमरेबाईंनी हेच केलं होतं, आणि त्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी कागद घेऊन भोईवाड्यात गेलो. गमरेबाई आता निवृत्त आहेत, मुलाकडे राहतात. पुठ्ठ्यांचं विचारलं. घर बदलताना रद्दीत गेले, म्हणाल्या, टिकल्यांचा गोंद सुकून त्या आधीच गळल्या होत्या. मी सगळं वाचून दाखवलं, हळदीकुंकवासकट. त्या गवार मोडत ऐकत होत्या.

“आद्य बिद्य काय नाय हो सर,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला वरून काढलेला नकाशा कळायचा नाय, म्हणून चाळ उभी काढली. आता छापाल काय हे?”

“तुमची परवानगी असेल तर.”

“माझं नाव एवढ्या वेळा कशाला? घाडींचं लिहिलंत, तुमच्या पडद्याचं लिहिलंत.” त्यांनी शेंगेची शीर ओढली. “तिचं नाव कुठंय?”

“कोणाचं?”

“बघा. सून, सून लिहिलंय नुसतं.”

मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते विचारलंही नव्हतं. यादी माझ्याकडे यायची, नाव-वय-आजार-पत्ता, पण ती तिकडेच मेली, म्हणून आमच्या यादीत कधी आलीच नाही. गमरेबाईंनी नाव सांगितलं. मग उठून आरशाकडे गेल्या, कोपऱ्यातली एक काळी टिकली नखाने सोडवली आणि माझ्या चष्म्याच्या डबीवर चिकटवली.

“लावा कुठं लागते ती.”

गिरगावात घरी आलो. ती बक्षिसाची चौकट आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेली आहे. तिच्यासमोर टिकली घेऊन उभा राहिलो. नकाशा भोईवाड्यापासून सुरू होतो आणि शिवडीच्या खाडीशी संपतो. कोकण खाली, दक्षिणेला. त्याच मापाने मोजत गेलो असतो तर ते गाव खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातून पार रस्त्याच्या टोकाला गेलं असतं. मी चौकटीखाली, हातभर अंतर सोडून, भिंतीवर टिकली लावली. अंगठ्याने दाबून धरली.

संध्याकाळी बायको झाडू घेऊन आली आणि थांबली.

“भिंतीवर टिकली? माझ्याकडे काळी नाहीये.” ती नखाने काढायला वाकली. “कोणाची ही?”

“राहू दे,” मी म्हणालो. “सुगंधाची आहे. सुगंधा घाडी.”